खडा का निखळतो?

शंका तुमच्या, उत्तरं आमची

एपॉक्सी क्लेमध्ये खडे आणि मणी जडवणाऱ्या वाचकांची पत्रं इतकी साचली आहेत की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. ज्यांनी ही क्ले अजून हाताळलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात: ती दोन भागांत येते, एक रेझिन आणि दुसरा हार्डनर. दोन्ही सारखे घेऊन कणकेसारखे मळले की आत रासायनिक क्रिया सुरू होते. दागिन्यांसाठीची क्ले साधारण तास-दीड तास मऊ राहते आणि चोवीस तासांत भट्टीशिवाय दगडासारखी होते. या वेळा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात, तेव्हा पाकिटावर छापलेलं आधी वाचा.

पावसाळ्यात केलेली चार पेंडंटं तीन दिवस झाले तरी चिकट आहेत. रात्रभर पंख्याखाली ठेवली, तरी फरक नाही. (चिपळूण)

पंख्याचा इथे काही संबंध नाही. ही क्ले वाळत नाही, ती आतल्या आत कडक होते. तिच्यातून पाणी उडून जायचं नसतं, त्यामुळे वाऱ्यानं काही साधत नाही.

आधी एक तपासणी करा. पेंडंटच्या मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, नख रोवून पाहा. नख रुतत नाही पण बोटाला मेणचट लागतं, कुठे कुठे पांढुरकी साय दिसते, असं असेल तर दागिना शाबूत आहे. हार्डनरमधल्या अमाइनचा हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन हा थर येतो. कोकणातल्या जुलैत तो हमखास येणार. तो पाण्यात विरघळतो. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून फडकं पिळून घ्या आणि पुसा, मग कोरड्या फडक्यानं पुसा. पेंडंट पाण्यात बुडवू नका, खड्याच्या पाठीला पाणी लागता कामा नये. पुढच्या वेळी जडवलेला दागिना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

नख रुतत असेल तर मात्र मामला आतला आहे, आणि तो सुधारत नाही. कारणं दोनच: माप चुकलं किंवा मळणं कमी पडलं. "हार्डनर थोडं जास्त घातलं की लवकर होईल" हा समज काढून टाका. हार्डनरच्या प्रत्येक कणाला जोडीला रेझिन लागतं. जोडीदार न मिळालेलं हार्डनर तसंच सुटं राहतं आणि क्ले कायमची लिबलिबीत होते. छोट्या पेंडंटला जेमतेम पाऊण ग्रॅम क्ले लागते, आणि एवढ्या बारीक मापात डोळ्याचा अंदाज फसतोच. म्हणून एका वेळी निदान चार ग्रॅम मळा, म्हणजे दोन आणि दोन, आणि त्यात चार-पाच दागिने उरका. माप वजनानं घ्यायचं की आकारानं, हेही पाकिटावर असतं. आकारानं सांगितलं असेल तर दोन सारख्या गोळ्या वळून शेजारी ठेवा आणि दोन्ही थोड्या चपट्या करून पाहा. गोलात न दिसणारा फरक चपट्यात दिसतो.

मळताना घड्याळ लावून पूर्ण चार मिनिटं मळा. दोन भागांचे रंग वेगळे असतील तर रेघा संपेपर्यंत, आणि दोन्ही पांढरे असतील तर संपल्यासारखं वाटल्यावर आणखी एक मिनिट. बोटांच्या बेचक्यात अडकलेला तुकडा अर्धवट मिसळलेला असतो, तो गोळ्यात परत ढकलू नका.

मऊ राहिलेली क्ले टोकदार सळईनं पूर्ण खरवडून काढा, वाटी, म्हणजे क्ले भरायचा पेंडंटचा धातूचा खोलगट साचा, स्पिरिटनं पुसा आणि नव्यानं भरा. तिच्यावरच नवी क्ले चढवली तर दोन्ही एकत्र निघून येतील.

क्ले अगदी कडक झाली, तरी आठवड्यात पाच खडे पडले. आधी गोंद लावायला हवा होता का? (पुणे)

नको. क्ले स्वतःच चिकट असते, पण खडा टिकतो तो चिकटपणापेक्षा पकडीवर. पडलेल्या खड्याची पाठ पाहिलीत का? रविवार पेठेत बोहरी आळीत दोन्ही तऱ्हेचे खडे शेजारी-शेजारी मिळतात आणि वरून सारखेच दिसतात. एकाची पाठ सपाट असते, तो फ्लॅट-बॅक. दुसऱ्याची पाठ भोवऱ्यासारखी निमुळती असते, त्याला चॅटन म्हणतात. कापडावर, मोबाइलच्या कव्हरवर चिकटवायला फ्लॅट-बॅक बरा. क्लेसाठी चॅटन घ्या. त्याचं टोक क्लेत घुसतं, बाजूला सरलेली क्ले उतारावरून वर चढते आणि खड्याच्या कंबरेला, म्हणजे तो सर्वांत रुंद असतो तिथे, मिठी मारते. फ्लॅट-बॅकला अशी पकड नसते. तोच वापरायचा असेल तर त्याचा निम्मा काठ क्लेत जाईल इतका खोल दाबा.

आता दाबायचं कसं. चिमट्यानं खडा उचलला तर तो तिरका टेकतो आणि चिमट्याची टोकं क्लेत खड्डे पाडतात. त्यापेक्षा टूथपिकच्या एका टोकाला मोहरीएवढं मधमाशीचं मेण लावा. ते माथ्यावर टेकवलं की खडा उचलला जातो. तो क्लेवर सरळ ठेवा, टूथपिक किंचित फिरवून सोडवा आणि मग तिचंच दुसरं, कापून बोथट केलेलं टोक माथ्यावर ठेवून सरळ खाली दाबा. खड्याभोवती क्लेचा केसाएवढा कठडा उठतो. तो पूर्ण गोल दिसला की थांबा. कठडा एकाच बाजूला उठला तर खडा तिरका आहे. उठलाच नाही तर क्ले वरून कडक व्हायला लागली आहे, आणि असा बसवलेला खडा आज ना उद्या पडणारच.

तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं. पाकिटावर दीड तास लिहिलेलं असलं तरी खडे बसवायची खरी वेळ त्यातला मधला भाग. मळल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं क्ले फार चिकट असते, खड्यावर चढते, टूथपिकबरोबर वर येते. शेवटच्या अर्ध्या तासात ती आकार धरते, पण खड्याला ओलावून धरत नाही. मधला पाऊण तास सोन्याचा. आणि तास उलटून गेल्यावर "हा जरा वाकडा वाटतोय" म्हणून खडा हलवू नका. तो सरळ होईल, पण त्याची पकड तुटलेली असेल.

पडलेल्या खड्यांच्या जागी खळगे तयारच आहेत. खळग्यात दोन भागांच्या एपॉक्सी गोंदाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब ठेवून खडा बसवा. झटपट चिकटणारा पातळ गोंद इथे नको, त्याच्या वाफेनं शेजारच्या खड्यांवर पांढरी साका धरते.

एखाद्या वेळी खडे शाबूत राहतात आणि क्लेची अख्खी चकतीच वाटीतून सुटते. तिथे दोष गुळगुळीत पितळेचा. भरण्याआधी वाटीचा तळ २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं आडवा-उभा खरवडा, स्पिरिटनं पुसा आणि मग त्याला बोट लावू नका.

२० मिमीच्या गोल वाटीत ३ मिमीचे खडे किती बसतील? दर वेळी कमी पडतात किंवा उरतात. (नागपूर)

चॅटनची मापं पी.पी. नंबरात सांगतात, त्यात पी.पी. २४ नंबरचा चॅटन ३.० ते ३.२ मिमीचा असतो. गोलात बसवत गेलात तर बाहेरच्या रांगेत १६ किंवा १७, दुसऱ्या रांगेत १०, आतल्या रांगेत ४, आणि मधोमध उरलेल्या भोकात दीड मिमीचा एखादा खडा किंवा १५/० नंबरचा मणी. म्हणजे ३० ते ३१ मोठे आणि एक बारीक. वाटीचं माप आतून घ्या, काठासकट नाही. पुष्कळ वेळा २० म्हणून विकलेली वाटी आतून १८ भरते आणि बाहेरच्या रांगेतले दोन-तीन खडे तिथेच उरतात.

बाहेरच्या रांगेपासून सुरुवात करा. मधून सुरू केलंत तर काठाशी अर्ध्या खड्याची फट राहते आणि नजर नेमकी तिथेच जाते. रांग पूर्ण होईपर्यंत खडे नुसते टेकवून ठेवा, सगळे मावतात हे पाहून मग दाबा. रांगांमधल्या तिकोनी फटींत ११/० नंबरचे, म्हणजे सुमारे २ मिमीचे, मणी आडवे बसतात का ते पाहा. नाही बसले तर क्लेचाच रंग खड्यांसारखा ठेवा, फटी दिसत नाहीत.

खडे दाबले की क्ले वर उसळून काठावरून बाहेर येते आणि सगळे खडे धुरकट होतात. (ठाणे)

वाटी काठोकाठ भरलीत. खडे आपली जागा घेणार, तेवढी क्ले बाहेर येणारच. दोन तृतीयांश भरा. ३ मिमीच्या चॅटनसाठी वाटी निदान २ मिमी खोल हवी, नाहीतर टोक तळाला टेकतं आणि खडा वर उचललेला राहतो.

धूर म्हणजे खड्यावर चढलेला क्लेचा पातळ पापुद्रा. सगळे खडे बसल्यावर वीसेक मिनिटांनी कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून टिपकागदावर जवळजवळ कोरडी करा आणि माथे पुसा. प्रत्येक चार-पाच खड्यांना नवी काडी घ्या, नाहीतर धूर पुसला न जाता फक्त पसरतो. ओली काडी फटींत उतरून क्ले धुऊन काढते. नेलपॉलिश रिमूव्हर मुळीच नको, त्यातल्या अ‍ॅसिटोननं अ‍ॅक्रिलिकच्या खड्यांवर जाळी पडते. खडा काचेचा की अ‍ॅक्रिलिकचा हे ओळखायचं तर गालाला लावून पाहा. काच गार लागते.

एडीचे महागडे खडे आणले, क्लेत बसवले आणि पार मेले. साधे बाजारातले खडे मात्र चमकतात! (सोलापूर)

तुमच्या खड्यांचा दोष नाही. साध्या चॅटनच्या पाठीला चंदेरी मुलामा असतो, त्याचा आरसा सोबतच येतो. एडी, म्हणजे अमेरिकन डायमंड, याला असा मुलामा नसतो. माथ्यातून आत शिरलेला उजेड पाठीच्या पैलूंवर आपटून परत वर येतो, तीच त्याची चमक. पाठीमागे हवा असते तोवर हे चालतं. क्ले पैलूंना चिकटली की उजेडाचा बराच भाग तिच्यात शिरतो आणि विझतो. म्हणूनच सोनार एडी उघड्या कोंदणात, नख्यांनी धरून बसवतात. एडी वापरायचाच तर तो नखीच्या कोंदणासकट घ्या आणि कोंदणाचा फक्त पाय क्लेत रोवा.

दुकानदार सुटे खडे 'स्वारोव्हस्की' म्हणून देतात. खरे असतात का? (नवी मुंबई)

आपल्याकडे हा शब्द 'चमकदार खडा' याच अर्थानं रुळला आहे. ऑस्ट्रियातल्या वॅटन्सची ही कंपनी १८९५ पासूनची, पण २०२१ मध्ये तिनं हौशी कारागिरांना सुटे खडे पुरवणं बंद केलं. त्यामुळे आज मिळणारा खडा जुन्या साठ्यातला तरी असेल किंवा दुसऱ्याच कुणाचा. चेक प्रजासत्ताकातल्या प्रेसिओसाचे चॅटन उत्तम असतात. शिकाऊ हातांना मात्र स्वस्त काच पुरेशी आहे. एकाच पुडीतले खडे सारख्या मापाचे आहेत ना, एवढं पाहून घ्या. स्वस्त पुडीत ही गडबड फार असते.

नळाला लावतात ती एम-सील चालेल का? घरात पडून आहे. (डोंबिवली)

तीही एपॉक्सीच, पण तिचं काम गळती चटकन बुजवणं, त्यामुळे ती लवकर धरते. तीस खडे बसवायला हवा तितका वेळ ती देत नाही. रंग काळपट-करडा आणि पोत खरबरीत. पेंडंटच्या मागे कडी रोवायला, एखादाच मोठा खडा बसवायला खुशाल वापरा. जडावासाठी शिल्पकलेची क्ले घ्या. मोल्डइटसारखी आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

पांढऱ्या क्लेत अ‍ॅक्रिलिक रंग मिसळला तर ती भुसभुशीत झाली. (सांगली)

अ‍ॅक्रिलिक रंगात पाणी असतं, ते आत अडकतं. कोरडी रंगपूड किंवा मोतिया चमकीची अभ्रकपूड घ्या आणि ती आधी रेझिनच्या भागात मळा, हार्डनर नंतर. वीस ग्रॅम क्लेला एक ग्रॅम पूड पुरते, त्यापुढे क्ले ठिसूळ होत जाते. रांगोळीचे रंग नकोत, ते जाडेभरडे असतात आणि खड्याच्या काठाशी कण दिसतात. अ‍ॅक्रिलिकनं रंगवायचंच असेल तर चोवीस तासांनंतर, वरून.

पांढरी क्ले उन्हानं हळूहळू पिवळी पडते, हेही ध्यानात ठेवा. पांढऱ्या खड्यांखाली करडी किंवा चंदेरी क्ले वर्षभरानंतरही तशीच दिसते.

जुन्या साजात लाख भरतात, तिथे ही क्ले भरता येईल का? आणि मोत्याच्या नथीत? (कोल्हापूर)

पोकळ दागिन्यात लाख भरतात ती पातळ पत्रा चेपू नये म्हणून, आणि पुढे दुरुस्ती निघाली तर तापवून ती मऊ करता येते म्हणून. क्ले एकदा कडक झाली की तापवून मऊ होत नाही, करपते. सोन्याच्या खऱ्या दागिन्यात ती भरलीत तर पुढच्या सोनाराच्या शिव्या खाल. नकली साजाच्या पानड्यांत भरायला हरकत नाही.

नथीत क्लेचं काम एवढंच: मधल्या लाल-गुलाबी खड्याची बैठक. आधी २६ गेजच्या तारेवर मोती ओवून सगळा सांगाडा पूर्ण करा. मध्यावर येणारी तारेची दोन टोकं एकमेकांत पिळा आणि चपट्या पकडीनं आकड्यासारखी वाकवा. सरळ टोक क्लेतून सुळकन निसटतं, वाकवलेलं धरून राहतं. मग मटाराएवढा क्लेचा गोळा आकड्याभोवती दाबून त्यावर खडा बसवा. त्याआधी मोत्यांना पातळ प्लॅस्टिक गुंडाळा. नकली मोत्याची झिलई म्हणजे वरचा लेपच, स्पिरिट लागलं की तो सोलतो आणि आतला काचमणी उघडा पडतो. हाच लेप अत्तरानंही जातो, तेव्हा अत्तर आधी, नथ नंतर.

खड्यांनी मढवलेले २० मिमीचे गोळे कानात घालायचे आहेत. फार जड होतात. (बेंगळुरू)

नुसत्या क्लेचा २० मिमीचा गोळा सातेक ग्रॅम भरतो, खडे आणि कडी वेगळी. आत १६ मिमीचा लाकडी मणी घ्या आणि त्यावर सगळीकडून २ मिमी क्ले चढवा, वजन पाचच्या आत येतं. मणी आधी पॉलिश पेपरनं खरवडा. भोकातून व्हॅसलिन लावलेली बांबूची काडी घाला आणि काडी अर्ध्या कापलेल्या बटाट्यात उभी रोवा, म्हणजे गोळा हातात न धरता फिरवता येतो.

३ मिमीचे सव्वाशेच्या घरात खडे लागतील. हात बसेपर्यंत एका खड्याला अर्धा मिनिट धरा, म्हणजे तासाभराहून जास्त काम, आणि तेवढा वेळ क्ले देणार नाही. म्हणून दोन खेपा करा. आज वरचा अर्धा, भोकाभोवतीच्या रांगेपासून खाली उतरत. उद्या ताजी क्ले मळून खालचा. पहिल्या अर्ध्याची कड ओबडधोबड सोडा, गुळगुळीत करू नका, दुसरी क्ले तिथे पकड घेते. काडी मात्र दोन-तीन तासांनी एकदा फिरवून सैल करा, नाहीतर ती गोळ्याचाच भाग होईल.

कानातल्या आकड्यासाठी २० गेजची चांदीची किंवा ३१६एल स्टीलची तार घ्या. कान चिघळतो तो बहुतेक वेळा निकेलनं, आणि त्याचं खापर उगाच क्लेवर फुटतं.

क्ले मळल्यावर बोटांना खाज येते, कातडी सोलते. (नाशिक)

आजपासून उघड्या हातानं मळणं बंद. कच्च्या रेझिन-हार्डनरची एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जात नाही, पुढे थोडक्या स्पर्शानंही उठते. नायट्राइलचे हातमोजे घाला, साधे पातळ रबरी पुरत नाहीत. हाताला लागली तर साबण-पाण्यानं धुवा, स्पिरिटनं नाही. स्पिरिट ती कातडीत आणखी जिरवतं. खाज थांबत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि जाताना पाकीट सोबत न्या. कडक झालेला दागिना अंगावर घालायला सहसा त्रास होत नाही, पण तो घासताना उडणारी धूळ नाकात जाते. म्हणून ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं ओलं करूनच घासा आणि तोंडाला मास्क लावा.

आणि पोळपाट-लाटणं! तिघींच्या पत्रांत क्ले पोळपाटावर लाटल्याचा उल्लेख आहे. तो पोळपाट आता क्लेचाच. लाटायला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या आणि काचेची बाटली घ्या, क्ले पिशवीला चिकटत नाही.

मळलेली क्ले उरते. फ्रीजमध्ये टिकेल का? (पणजी)

फ्रीजरमध्ये क्रिया मंदावते, थांबत नाही. दुसऱ्या दिवशी थोडीफार मऊ मिळाली तरी तिच्यावर बाष्प धरलेलं असतं आणि पकड कच्ची होते. खाण्याच्या पदार्थांशेजारी ती ठेवूही नये. उरलेल्या गोळ्याचे चपटे मणी वळा, टूथपिकनं भोक पाडा, पुढच्या माळेला होतील. न मळलेले दोन डबे मात्र वर्षभर सहज राहतात, झाकणांची अदलाबदल तेवढी होऊ देऊ नका. थंडीत रेझिन रवाळ झालं तर डबा घट्ट बंद करून सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, मऊ होतं. हार्डनरवर धरलेली कडक साय मात्र काढून फेका, मळू नका.